ओट्यावरचं पाणी

"थेली खोलो, मास्तरबेन."

मी पायरीखाली उभी. पायांना चिखल, डोक्यावर ओला पदर, हातात कापडी पिशवी. एस.टी.तून उतरून चालत आलेली. माझी घरमालकीण, शेठाणी, वर ओट्यावर पाट टाकून बसलेली. ती उठायची नाही. मीच पिशवी वर करून तिच्यापुढे धरायची. ती दोन बोटांनी पिशवीचं तोंड फाकवायची, मान खाली घालायची आणि हुंगायची. माझं लुगडं, पोलकं, आतले कपडे, सगळ्यांवरून तिचं नाक फिरायचं. रस्त्याने जाणारी माणसं बघायची. माझ्या वर्गातली पोरं बघायची. मग ती नाक वर करून म्हणायची, "जाओ." मी घराला वळसा घालून मागच्या दाराने माझ्या खोलीत जायची.

हे दर रविवारी. मी घरून परत आले की.

मी मांगेल्याची पोर. डहाणूच्या किनाऱ्यावर आमची आळी. बाप होडीवर जायचा, आई बोंबील वाळवायची आणि बाजारात विकायची. आमच्या आळीतून शिकून मास्तरीण झालेली मी पहिली. ट्रेनिंग संपलं आणि नेमणूक आली ती तलासरीला. राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. डहाणू-तलासरी खरं कोणाचं, मराठीचं की गुजरातीचं, यावर माणसं अजून हमरीतुमरीवर येत होती. खोली भाड्याने द्यायची वेळ आली की मात्र दोन्ही भाषांचं एकमत होतं.

पहिल्यांदा गेले ते एका पेन्शनीतल्या कारकुनाकडे. आपले मराठीच. त्यांनी चहा दिला. ट्रेनिंगचे मार्क विचारले, "वा वा" म्हणाले. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. माझा कप खाली ठेवून व्हायच्या आत, ती खोली पुतण्यासाठी राखून ठेवल्याचं त्यांना आठवलं. पुढे मी तिथे होते तेवढ्या काळात त्या खोलीला कुलूपच होतं. पुतण्या काही आला नाही.

दुसरीकडे बाईच बोलल्या. "एकट्या बाईला आम्ही देत नाही. उद्या कोण येईल, कोण जाईल, लोक आम्हाला विचारणार." मी म्हटलं, "कोणी येणार नाही." त्या म्हणाल्या, "सगळ्या असंच म्हणतात." सगळ्या म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आज वाटतं, पण तेव्हा पाय दुखत होते आणि संध्याकाळ झाली होती.

शेवटी एका गुजराती शेठने खोली दिली. त्याचा गवताचा धंदा. घराच्या मागच्या बाजूला गवताचे भारे आणि दोरखंड ठेवायचा एक खण होता, तोच झाडून दिला. एक खिडकी, तीही विहिरीकडे. अटी शेठाणीने सांगितल्या. मासळी आणायची नाही. घरचं माणूस मुक्कामाला आणायचं नाही. पुढच्या दाराने यायचं नाही. ओट्यावर बसायचं नाही. शेठ-शेठाणी निजले की दिवा मालवायचा. आणि रविवारी पिशवी दाखवायची. मी सगळ्याला हो म्हटलं.

हो म्हणाले, कारण दुसरी खोली नव्हती. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, खोली टिकवा. डहाणूहून गंजाड, चारोटी करत गाडी येणार कधी आणि तुम्ही शाळेत पोचणार कधी? खोली गेली की नोकरी गेली समजा." ते वाईट माणूस नव्हते. खरं तेच सांगत होते. माझी नोकरी त्या गवताच्या खणावर उभी होती, आणि माझ्या नोकरीकडे आमची सगळी आळी बघत होती. आळीतल्या आणखी पोरींना शाळेत घालायचं की वलांडीवर, वाळवणाच्या बांबूंवर, बोंबील घालायला न्यायचं, हे माझं काय होतं त्यावर ठरणार होतं.

म्हणून मी शहाण्यासारखी वागू लागले. रविवारी घरी गेले की वलांड्यांकडे फिरकत नव्हते. वाळत घातलेल्या बोंबलांचा वारा अंगावर नको. मासळीला हात लावत नव्हते. निघताना लिंबाच्या सालीने बोटं घासायची, पुन्हा चुलीतल्या राखेने घासायची. पुढे पुढे जेवणंही सोडलं. आई कालवण वाढायला यायची, मी ताटावर हात आडवा धरायची.

"मावरं नको तुला?"

"पोट बरं नाही, आये."

माझं पोट दर रविवारी बिघडायचं. आई भाताची पेज वाढायची, मीठ ठेवायची आणि दुसरीकडे बघायची. तिला काही कळलं नाही, असं मी धरून चालले होते.

आणि सगळ्यात वाईट हे, की मी स्वतःलाच हुंगू लागले. फळ्यावर लिहिता लिहिता हात नाकाशी न्यायची. मुलांची पाठ असली की पदर हुंगायची. शेठाणी आठवड्यातून एकदा हुंगायची. मी दिवसभर. तिला पगारी नोकर ठेवावा लागला नाही, मीच तिचं काम करत होते.

नारळी पुनव झाली. समुद्र उघडला. आमच्या आळीत एक रीत आहे. पुनवेला एक नारळ दर्याला देतात आणि दुसरा होडीच्या नाळीपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, बांधून ठेवतात. होडी पहिली मासळी घेऊन सुखरूप परत आली की तो नारळ सोडतात. घरातलं माणूस दुसऱ्याच्या छपराखाली राहत असेल, तर तो नारळ त्या छपराचा वाटा. पोरगा दुसऱ्या गावच्या तांडेलाकडे, म्हणजे होडीच्या म्होरक्याकडे, खलाशी असला, तर तांडेलाच्या घरी नेऊन द्यायचा. पुढच्या दारी द्यायचा, मागच्या नाही. वाटा आणणाऱ्याने ओट्यावर बसायचं आणि त्या घरचं पाणी पिऊन उठायचं. पाणी पिऊन उठलं तर वाटा पोचला. न पिता उठलं तर होडीला अपशकुन. म्हणून पाणी येईपर्यंत कोणी उठत नाही.

माझ्या आईने हे धरलं. तिच्या हिशोबाने शेठाणी माझं छप्पर होती.

बापाची होडी सुखरूप परत आली आणि दुसऱ्या दिवशी ती सकाळीच तलासरीला आली. मी मागे खोलीत वेणी घालत होते. पुढून आईचा आवाज आला आणि माझ्या हातातून फणी पडली. धावत पुढे गेले तर आई ओट्यावर बसलेली. धुतलेलं हिरवं लुगडं, केसांत अबोली, मांडीजवळ नव्या फडक्यात नारळ आणि मूठभर तांदूळ, वर कुंकू. टोपली नव्हती. मासळीचा तुकडासुद्धा नव्हता. शेठाणीकडे चालत नाही हे आईला ठाऊक होतं, डहाणूच्या बाजारात तिचं आयुष्य गेलेलं. त्या दिवशी ती बाजारातही गेली नव्हती. तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता. असा साबण आमच्या घरी लग्नालाच निघायचा.

"बेन," आई शेठाणीला म्हणत होती, "तुमच्या छपराखाली माजी पोर हाय. तुमचा वाटा आणलाय."

शेठाणी दारात उभी. तिने आधी नाकाला पदर लावला. मग बोलली.

"आ कोण बेठी छे? उठ. उठ."

आई उठली नाही. माझ्याकडे बघून हसली आणि हळूच म्हणाली, "पाणी नाय आलं अजून."

शेठाणी आत गेली. आईला वाटलं, पाणी आणायला गेली. ती बादली आणि केरसुणी घेऊन आली. केरसुणीच्या टोकाने तिने आईच्या मांडीजवळ ठेवलेला नारळ लोटला. नारळ पायऱ्यांवरून गडगडत चिखलात गेला. तांदूळ सांडले. मग तिने बादली आणि केरसुणी माझ्यासमोर ठेवली.

"मास्तरबेन, आ ओटलो धोई नाखो. पछी निशाळे जजो. नहीं तो खोली खाली करो."

ओटा धू, मग शाळेत जा. नाहीतर खोली सोड. आवाज चढलेला नव्हता. गवताचा भारा कुठे ठेवायचा ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

आईला गुजराती येतं. तिला सगळं कळलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की तिला आधीपासूनच कळलेलं होतं. माझं बिघडणारं पोट, राखेने घासलेली बोटं, सगळं. एवढं असून ती वाटा घेऊन आली होती. तिला वाटलं असेल, रीतीने दिलं की समोरचा रीतीने वागतो.

ती खाली उतरली. केरसुणी हातात घेतली.

"मी धुते. तू जा शाळेत. तुजी खोली जायला नको."

तिचे हात मी बघत राहिले. मिठाने चिरलेले, बोंबलाच्या दातांचे ओरखडे असलेले. त्या हातांनी मला ट्रेनिंगला घातलं. आता त्याच हातांनी ती बसली होती ती जागा पुसणार. माझ्यासाठी. मी मास्तरीण राहावी म्हणून. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. रडू नाही आलं. राग आला. इतके दिवस मी स्वतःवर जो राग काढत होते, तो पहिल्यांदा योग्य माणसाकडे वळला.

मी केरसुणी तिच्या हातातून काढली आणि अंगणात टाकली. खोलीत गेले, माझा तांब्या आणला. शेठाणीने ओटा धुवायला आणलेल्या बादलीत तो बुडवला, भरला, आणि आईपुढे धरला.

"बस, आये. ह्या घरचं पाणी आलं."

आई परत पायऱ्या चढली. त्याच जागी बसली. मांडी घालून.

शेठाणी म्हणाली, "आ पीवानुं पाणी नथी."

"प्यायचं नाही, माहीत आहे," मी म्हटलं. "पण तुमच्याच विहिरीचं आहे."

आई पाणी प्यायली. घाई केली नाही. तिने सगळं संपवलं, तांब्या उपडा केला, तोंड पुसलं आणि उठली. पायरीखालचा नारळ उचलला, लुगड्याच्या पदराने चिखल पुसला आणि माझ्या हातात दिला. "वाटा माघारी नेत नाय," ती म्हणाली. "ह्या छपराखाली तूच ऱ्हातेस. तूच ठेव." मग ती गाडीला गेली. मागे वळून बघितलं नाही.

"ओटा मी धुणार नाही," मी शेठाणीला सांगितलं. "आणि खोलीही सोडणार नाही." मग पुढच्याच पायऱ्यांवरून उतरून शाळेत गेले.

संध्याकाळी शेठ आला. सामान बाहेर टाकीन म्हणाला. मी म्हटलं, "टाका. पण बाजाराच्या दिवशी टाका, माणसं असताना. मी भाडं वेळेवर दिलंय. टाकलेल्या सामानावर बसून तुमच्या दारापुढे वर्ग घेईन. पोरांचे आईबाप विचारतील, तेव्हा तुम्ही सांगा मला का काढलं ते." ह्याच आईबापांकडून त्याला गवत कापून हवं असायचं. तो निघून गेला.

हेडमास्तर म्हणाले, "माफी मागून टाका, बाई. तुमचं काय जातं?" मी म्हटलं, "सर, काय जातं ते मोजायचंच मी सोडून दिलं होतं." त्यांना ते कळलं नाही. मी समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहीर बंद झाली. रहाटाची दोरी काढून नेलेली. मी नदीवरून पाणी आणलं. माझ्या खिडकीखाली रोज सकाळी केर पडू लागला. शाळेत दोन पोरांना त्यांच्या घरच्यांनी माझ्या वर्गातून काढलं. खोली आज जाईल की उद्या, मला माहीत नव्हतं. नोकरीचंही माहीत नव्हतं. नारळ मी कोनाड्यात ठेवला.

त्या रविवारी घरी गेले. आई कालवण घेऊन आली. मी ताटावरचा हात काढला. पोटभर जेवले. निघताना बोटं घासली नाहीत.

संध्याकाळी तलासरीला उतरले. शेठाणी ओट्यावर, पाटावर. माझ्याकडे बघितलं, आणि सवयीने तिचा हात पुढे आला.

"थेली."

पिशवीत मासळी नव्हती. एक लुगडं होतं आणि खडूचा डबा. उघडून दाखवली असती, तर तिला काही मिळालं नसतं, आणि मला कदाचित विहिरीची दोरी परत मिळाली असती.

मी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

"उघडणार नाही," मी म्हटलं. "आज नाही. कधीच नाही."

आणि मागे वळसा न घालता, तिच्या पाटाच्या शेजारून, पुढच्या दाराने आत गेले.