स्तामेनाने उघडा सोडलेला पट्टा

स्तामेना आमच्या गावच्या खाणीत नकाशे काढायची. ती स्वतः खाली फारशी उतरली नाही, पण खालच्या माणसांपर्यंत हवा कशी पोचते ते तिच्या कागदावर दिसे. खाणीच्या तोंडातून आत जाणारी हवा म्हणजे एक रुंद निळा पट्टा. पुढे त्याला फाटे फुटत. ज्या बोगद्यात जितकी हवा, तितका फाटा रुंद. मी शाळेत भूगोल शिकवत असे. वर्गात लावायला आमच्या डोंगरातल्या नद्यांचं चित्र तिनेच मला तसं काढून दिलं होतं. त्यात एक ओढा नुसत्या तुटक रेघांचा होता. मुलं म्हणाली, बाई, हा रंगवायचा राहिला. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "राहिला नाही. त्याचं पाणी कुणी मोजलेलं नाही."

तिच्या कचेरीतला रिवाजच तो. आत गेलेली हवा आणि बाहेर आलेली हवा जुळली नाही, तर जो फरक उरेल तो पांढरा ठेवायचा, काठ तुटक, टोक उघडं. कुठे दरड बसली की कुठे दार उघडं राहिलं, ते कुणीतरी खाली जाऊन बघून येईपर्यंत तो पट्टा मिटवायचा नाही. घरीही ती तशीच होती. तिचा नवरा मेतोदी खालच्या थरात छिद्रं पाडायच्या यंत्रावर होता. तो म्हणायचा, "हिला विचारा माझ्यावर प्रेम आहे का. म्हणेल, अजून मोजलं नाही." ती अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून त्याच्या डोक्यात मारायची.

खाण बंद झाली तेव्हा खालच्या थरातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले होते. काही वर्षांनी ते पुन्हा काढून ताडून बघायचं ठरलं. डाग वाढलेले निघून आजार धुळीचाच आहे असं सिद्ध झालं, तर जिवंत होते त्यांना उपचार मिळणार होते, आणि गेले होते त्यांच्या मरणाला खरं कारण मिळणार होतं. मेतोदी दुसऱ्या फोटोच्या आधीच गेला. दाखल्यावर 'वृद्धापकाळ' लिहून आलं. साठीसुद्धा झाली नव्हती त्याची. स्तामेनाला बाकी काही नको होतं. तेवढा शब्द खोडून हवा होता.

तपासणी डॉक्टर ल्युबेनकडे होती. तो माझा विद्यार्थी. लहानपणी फळ्यापाशी उभं केलं की उत्तर येत नसलं तरी गोड हसायचा, आणि सुटायचा. त्याच्या लग्नात मेतोदी आणि स्तामेना कूम आणि कुमा झाले होते, म्हणजे लग्नाचे साक्षी आणि मानलेले आईबाप; त्यांनीच त्याच्या डोक्यावर मुकुट धरला होता. आमच्याकडे आईबापांचा शब्द एखाद वेळी मोडतात, कुमाचा नाही. तोच तिच्याकडे आला. म्हणाला, "कुमा, आकडे कुणी वाचत नाही. तू तुझ्या हवेसारखं काढून दे, म्हणजे मंत्रालयातल्या लोकांना एका नजरेत कळेल."

तिने काढलं. मी ते तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहिलं. डावीकडे पहिल्या फोटोला आलेले सगळे. त्यांचे दोन पट्टे, एक छाती साफ असलेल्यांचा, एक डाग असलेल्यांचा. उजवीकडे दुसऱ्या फोटोत काय निघालं ते. मधे मात्र एक पांढरा पट्टा फुटून खाली वळला होता, तुटक काठांचा, टोक उघडं: दुसऱ्यांदा न आलेले. साफ छातीवाल्यांतून त्यात एक बारीक ओघळ आला होता. डागवाल्यांतला जवळजवळ अर्धा पट्टा त्यातच वळला होता. पुढे काही सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, अगं, यातले बरेचसे गेलेत हे सगळ्या गावाला माहीत आहे. दवाखान्याच्या फाटकाकडे बघ. मेलेल्यांचे फोटो छापलेले कागद आपण दरवर्षी दारांवर, खांबांवर नव्याने लावतो; त्या फाटकावर तर आता लोखंड दिसत नाही. तू सरळ 'मेले' असं लिही.

ती म्हणाली, ते तिने ल्युबेनला सांगितलं होतं, की फाटकावरची नावं घे आणि एकेका घरी विचार. तो म्हणाला होता, बघू. "कोण धुळीने गेलं, कोण दारूने, कोण स्पेनला मुलीकडे गेलं, हे मी बसल्या जागी कसं लिहू? मेतोदीलाही मी पांढऱ्यातच ठेवलंय. बघून येणं त्याचं काम."

निकाल वाचनालयाच्या सभागृहात सांगितला. राजधानीतून दोन साहेब आले होते. भिंतीवर स्तामेनाचं चित्र मोठं करून, सुरेख रंगांत छापून लावलं होतं. त्यात पांढरा पट्टा नव्हता. जे दोन्ही वेळा आले तेवढेच डावीकडे ठेवले होते. न आलेले पहिल्यापासूनच काढून टाकल्यामुळे डागांचा पट्टा बारीक झाला होता, आणि तो बारीकच्या बारीक उजवीकडे गेला होता. आजार वाढलेला नाही, असं ल्युबेनने वाचून दाखवलं. खाली छापलं होतं: आरेखन, स्तामेना.

बाहेर पडताना गावातली कुना स्तामेनासमोर उभी राहिली. तिचे दोन भाऊ खालच्या थरातले, दोघेही फाटकावर. ती म्हणाली, "छान काढतेस हो. आमचे दोघे राहू देत, निदान स्वतःच्या नवऱ्याला तरी जागा ठेवायचीस." स्तामेनाने वळून भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. नाव तर तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली, मी बरोबर होते. ल्युबेनने आम्हाला बसवलं, कॉफी मागवली. मग समजावत राहिला, की एवढं मोठं भगदाड असलेला अहवाल वरचे लोक परत पाठवतात, मग फोटोचं यंत्रही काढून नेतात, आणि जिवंत आहेत त्यांचं काय? यंत्र राहावं म्हणून त्याने ते केलं होतं. खोटा एकही आकडा नव्हता, असं तो दोनदा म्हणाला.

"मग माझं नाव का ठेवलंस?" तिने विचारलं.

"तुझं नाव बघितलं की गाव विश्वास ठेवतं, कुमा."

तिने कॉफी घेतली नाही. गावात आधी कुनाने, मग खालच्या थरातल्यांच्या विधवांनी तिच्याशी बोलणं सोडलं. मी ज्याला त्याला सांगत फिरले, मूळ चित्र मी पाहिलंय म्हणून. लोक ऐकून घेत. म्हातारी मैत्रिणीची बाजू घेते, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाआधी क्षमेचा रविवार आला. त्या दिवशी धाकटी माणसं पांढरा हलवा घेऊन थोरांकडे जातात, हात चुंबून क्षमा मागतात. कशाची, ते सांगायचं नसतं आणि विचारायचं नसतं. थोरांनी 'देवाने केली, मीही केली' म्हणायचं, मग सगळ्यांनी जेवायला बसायचं. मला वाटलं होतं, या वर्षी ल्युबेन येणार नाही. पण मी स्तामेनाकडे बसले होते तेव्हा तो आला, दरवर्षीसारखा, बायकोला घेऊन. टेबलावर चीज भरून भाजलेली गरम बानित्सा होती, उकडलेली अंडी होती. त्याने वाकून स्तामेनाचा हात ओठांना लावला.

"क्षमा कर, कुमा."

"कशाची?" स्तामेना म्हणाली.

त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. असं कुणी विचारत नाही.

"सगळ्याची," ल्युबेन म्हणाला, आणि फळ्यासमोर हसायचा तसा हसला.

"सगळ्यात मेतोदी येतो का?"

तो हसायचा थांबला. ती वाट बघत राहिली, हात त्याच्या हातातच ठेवून. रागावलेली दिसत नव्हती. त्याने एकदा हो म्हटलं असतं, तर तिने पुढचं वाक्य म्हटलं असतं, हे मला आजही वाटतं. तो हलव्याच्या पुडीची दोरी सोडू लागला.

"बसा," ती म्हणाली. "गार होतंय."

तिने दोघांना वाढलं, चांगलं दोनदा वाढलं. ते वाक्य तिने म्हटलं नाही. जाताना तो दारात जरा रेंगाळला, आणि मग गेला.