तुमच्या लोकांतला आजार

"तुमच्या लोकांत हे चालायचंच."

मोठ्या सरकारी दवाखान्यातला पुरुषांचा वॉर्ड. सकाळचा राऊंड. डॉक्टरांच्या मागे दहाबारा शिकाऊ पोरंपोरी. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याच्या अंगावरची चादर खसकन ओढली. आत कपडा नव्हता. मी पदर टाकायला गेले तर म्हणाले, "तू बाजूला हो." मग केसपेपरवरचं आडनाव वाचलं आणि ते वाक्य बोलले. एक पोरगी हसली. बाकीच्यांनी वह्यांत काहीतरी लिहून घेतलं. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची अजून लाज वाटते.

नवरा लवासाच्या रस्त्याच्या कामावर डंपर चालवायचा. अबोल माणूस. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "त्यो समोरचा डोंगर मी घेतला. तितं तुला बंगला बांधतो." मी खूश झाले, खोटं कशाला बोलू! तेव्हा मुळशीत जो तो जमिनीच्याच गोष्टी करायचा. काल सायकलवर फिरणारा आज मोटारीतून उतरायचा. त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. एसटीच्या थांब्यावर लोक त्याला शेठ म्हणायचे, चहा पाजायचे आणि डोंगराचे तुकडे मागून घ्यायचे. डोंगर त्याचा नव्हताच, तरी तो खरोखर वाटून द्यायचा. दुसऱ्या तालुक्यात असता तर महिनाभरात कुणीतरी दवाखान्यात नेला असता. आमच्याकडे वर्ष गेलं.

मग तो पाय फेकत चालायला लागला. हात थरथरायचा. सही येईना. लोक म्हणाले, पितो. तो थेंबभरही पीत नव्हता. कामावरून काढलं. कुणीतरी एड्स म्हणून कुजबुजलं आणि पाण्याच्या टाकीवर मी दिसले की बायका आपापले हंडे मागे ओढायला लागल्या. रक्त तपासलं. निगेटिव्ह आलं. तो कागद घेऊन मी घरोघर फिरले. "बगा, तसलं काय न्हाई." जणू नवऱ्याच्या चालचलणुकीचा दाखलाच मिळाला होता. तिथंच माझं चुकलं. तसलं नाही म्हटल्यावर जवळच्या डॉक्टरांनीही पुढं काही बघितलं नाही. डोकं शांत करायच्या गोळ्या दिल्या. आणखी एक वर्ष गेलं.

तो मला ओळखेनासा झाला तेव्हा त्याला पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढून तपासलं. गरमी निघाली, डॉक्टरांच्या भाषेत सिफिलिस. आमच्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरतात. कदाचित लग्नाआधी डंपरवर गावोगाव फिरताना अंगात शिरली असेल. वर्षानुवर्षं गप्प बसली आणि मेंदूत गेली.

शेजारच्या खाटेवर एक तरुण होता. त्याचीही गरमी मेंदूत गेलेली. पण त्याला एचआयव्हीही होता. त्यामुळे ती लवकर चढली, आणि एचआयव्ही आहे म्हणून बाकीचं सगळं तपासलं, तर लवकर सापडलीही. त्याची बायको विशीची पोर. ती जेवायला बसली की मी तिच्याकडे पाठ करायचे. तिचा हात लागला तर माझा तांब्या घासून घ्यायचे. टाकीवर माझं जे झालं, तेच मी तिचं करत होते.

दोघांना औषध एकच, पेनिसिलिन. थोड्या दिवसांनी त्या तरुणानं बायकोला नावानं हाक मारली आणि पाणी मागितलं. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, तुमी कोन?" मी पदर तोंडात कोंबून रडले. पाठीवर हात फिरला तो त्या पोरीचा.

दुसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टर म्हणाले, "हिचंही रक्त घ्या." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं, "तू किती जणांकडे जायचीस? खरं सांग. तुमच्या लोकांत..."

"आमच्या लोकांत म्हंजी कुनात?" मी म्हणाले. "रगात घ्या, ते तुमचं काम हाय. जात तपासायची सुई तुमच्याकडं न्हाई. आन् आदी त्याच्या अंगावर पांघरून घाला."

डॉक्टर लालेलाल झाले. पांघरूण त्यांनी घातलं नाही, मीच घातलं. पण रक्त घेतलं. पुढचा प्रश्न विचारला नाही.

माझ्यातही निघाली. तीन आठवडे तीन सुया घेतल्या. मी बरी झाले. नवरा जगला, पण जेवढं गेलं तेवढं परत आलं नाही. अंगणात बसतो. अजून मला बाई म्हणतो. घरात माणसं दोन आणि बोलायला कुणी नाही. फार एकटं वाटतं.

बचत गटाच्या बैठकीत शेजारणीनं विचारलं, "काय झालं व्हतं गं त्यास्नी? ताप डोक्यात ग्येला व्हता न्हवं?" उत्तर तिनंच हातात दिलं होतं. हो म्हणाले असते तर सुटले असते.

"गरमी," मी म्हणाले. "मलाबी व्हती. सुया घ्येतल्या. तुमीबी रगात तपासून घ्या. त्यांच्यासंगं डंपरवर तुमचेबी नवरे व्हते."

एकेक बाई उठून गेली. सतरंजी मी एकटीनं झाडली आणि घडी घातली.

पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. त्या उठून गेल्या तर त्याच्या पुढच्या बैठकीलाही जाईन. शब्द बदलणार नाही. बसायला जागा दिली नाही तर उभी राहून सांगेन.