शेवटच्या रांगेतला खजिनदार

‘विश्वासाचा दीपस्तंभ विझला.’ मिलिंद केळशीकर गेल्याची बातमी मला या शब्दांत कळली. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांनी ती टाकली होती, खाली पणतीचं चित्र. वाचून मीही खाली जोडलेले हात टाकले. मग आठवलं, याच अध्यक्षांनी काही वर्षांपूर्वी मिलिंदविरुद्ध पोलिसांत जबानी दिली होती. तेव्हा दीपस्तंभाचा उल्लेख नव्हता. पण जबानी इंग्रजीत द्यायची होती, त्यामुळेही असेल.

मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातल्या एका गोदामात मिलिंद कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत छातीत दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं... पन्नाशी नुकतीच ओलांडली होती त्याने. आता दोन महिने होतील. लोक अजून त्याच्याबद्दल दोन आवाजांत बोलतात. एक शोकसभेतला, एक कार पार्कमधला. मला या दोन्हींच्या मधल्या आवाजात लिहायचं आहे.

आमची ओळख झाली ती घराच्या कर्जामुळे. तो होम लोन ब्रोकर होता, म्हणजे आपल्याला हप्ता झेपेल की नाही हे तपासून बँकेला पटवून देणारा माणूस. मेलबर्नच्या पश्चिमेच्या नव्या वस्त्यांमधल्या निम्म्या मराठी घरांच्या चाव्या त्याच्या टेबलावरून गेल्या असतील. आमच्याकडे तो डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला आणि विचारायला लागला. बाहेर किती वेळा जेवता, जिमला जाता का, टीव्हीला काय काय पैसे भरता, कुत्रा पाळणार आहात का.

“हेअरकट?”

“याला केस कुठे आहेत?” माझी बायको माधवी म्हणाली.

“वहिनी, बँकेला टक्कल कळत नाही. काहीतरी आकडा लागतो.”

मग माझ्या नसलेल्या केसांवर महिन्याला वीस डॉलर खर्च होतात असं सर्वानुमते ठरलं. मिलिंदला विचारताना भीड नसायची. आपल्या लोकांत हे दुर्मीळ. आपण परक्या माणसाला पहिल्या भेटीत पगार विचारू शकतो, पण जवळच्या माणसाला ‘हे पैसे कुठून आले रे?’ असं विचारायचं म्हणजे जिभेला लकवा मारतो. मिलिंद सरळ विचारायचा, आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या पे-स्लिपकडे बघायचा.

असा माणूस मंडळाला खजिनदार मिळाल्यावर आम्ही निर्धास्त झालो. मंडळ वास्तुनिधी जमवत होतं. वास्तू हा अध्यक्षांचा शब्द; आम्हाला गणपतीसाठी दरवर्षी शाळेची जिम भाड्याने घ्यायचा कंटाळा आला होता, एवढंच. वार्षिक सभेत हिशोब नेहमी चहाच्या लगेच आधी घेतले जायचे. खजिनदार एक पान वाचणार, तोवर कम्युनिटी सेंटरच्या किचनमधून बटाटेवड्यांचा वास येणार आणि कोणीतरी “मंजूर, मंजूर!” म्हणणार. बँकेचं स्टेटमेंट दाखवा म्हणणं म्हणजे एका माणसावर अविश्वास, आणि वडे गार करणं म्हणजे सगळ्यांशी वैर.

त्याच काळात मिलिंद फोनवर बेटिंग करत होता. सुरुवात फूटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, एका मॅचपासून, ऑफिसातल्या मित्रांबरोबर, गंमत म्हणून. पुढे घोडे, मग कुत्र्यांच्या शर्यती, आणि शेवटी कुठल्यातरी देशातलं टेबल टेनिस, ज्यातल्या एकाही खेळाडूचं नाव त्याला उच्चारता येत नव्हतं. आधी स्वतःचे पैसे गेले, मग वास्तुनिधीतले जायला लागले. सोमवारी परत भरायचा बेत असायचा. बेटिंग कंपनीने त्याच्या दिमतीला जॉश नावाचा पंचविशीतला एक मॅनेजर दिला होता. तो फोन करून “हाउ यू गोइंग, मेट?” विचारायचा, फूटीची तिकिटं पाठवायचा, वाढदिवसाला वाइन. दिवाळीला त्याच्या शुभेच्छा आमच्या आधी पोचायच्या. एकच प्रश्न जॉशने कधी विचारला नाही : एवढे पैसे तुझ्याकडे येतात कुठून? मला घर घेताना नसलेल्या केसांचा हिशोब द्यावा लागला होता. मिलिंदला घर घालवणारं खातं उघडायला जन्मतारीख पुरली.

कंपनीच्या जाहिरातीच्या शेवटी ‘जबाबदारीने खेळा’ असं एक वाक्य असायचं, सुटायला लागलेल्या ट्रेनच्या उद्घोषकासारखं घाईघाईने म्हटलेलं. जबाबदारी ही फार जड वस्तू आहे. ज्याच्या हातात येते तो ती शक्य तितक्या लवकर शेजाऱ्याकडे देतो.

अखेर मंडळाला एक जागा पसंत पडली आणि अनामत भरायची वेळ आली. मिलिंदने आधी बायकोला, स्वातीला सांगितलं, मग समितीला, आणि मग स्वतःच पोलिस स्टेशनला गेला. त्याच्या वकीलबाईंचा सल्ला सोपा होता. गुन्हा कबूल कर, पण सांग की मला जुगाराचं व्यसन होतं आणि कंपनीने ते पोसलं. त्यांनी वेळीच चौकशी केली असती तर हे घडलंच नसतं. असं मांडलं तर कदाचित तुरुंग टळेल, असं त्यांचं म्हणणं. मिलिंदला ते मान्य नव्हतं. त्याला समजवायला स्वातीने मला बोलावून घेतलं. तिघं त्यांच्या किचनमध्ये बसलो होतो.

“हे खोटं आहे का?” स्वाती त्याला म्हणाली. “त्यांनी विचारायला नको होतं?”

“हवं होतं.”

“मग सांग ना तसं!”

“तेवढं सांगतो. पण ‘म्हणून मी चोरी केली’ असं नाही सांगणार. बटण माझ्या अंगठ्याने दाबलंय, स्वाती. जॉशच्या नाही.”

“छान. तुझा अंगठा ताठ राहील. मुलीला घेऊन भाड्याच्या घरात मी जाते.”

तो टेबलावरचे खारी बिस्किटाचे कण बोटाने गोळा करत राहिला...

“अरे, दोन्ही खरं असू शकतं,” मी म्हणालो. “तूही चोर, तेही चोर.”

“आहेच खरं. पण त्यांची चोरी माझ्या शिक्षेतून वजा करून नकोय मला. तो कंपनीने फुकट दिलेला बोनस बेट झाला.”

स्वाती उठून बाहेर गेली. ती त्याच्यावर चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. त्याचंही बरोबर होतं. अशा वेळी मित्राने काय करायचं असतं मला माहीत नाही. मी कप विसळले.

कोर्टात जज्जसाहेबांनी त्याला नेमकं तेच विचारलं : कंपनीने पे-स्लिप मागितली असती तर तू थांबला असतास का? वकीलबाईंच्या चेहऱ्यावर आशा दिसली. मिलिंद म्हणाला, “नाही. मी खोटी स्लिप दिली असती. पण पकडला गेलो असतो. खोटी स्लिप कशी ओळखायची ते मला माहीत आहे, माझं कामच ते आहे. ती कुणी मागितलीच नाही.” चौकशी का व्हायला हवी, याबद्दल मी नंतर पेपरांत बरेच लेख वाचले, तज्ज्ञांची भाषणंही ऐकली. याहून चांगलं कोणी सांगितलं नाही. त्याचा मिलिंदला काडीचा उपयोग झाला नाही. तो तुरुंगात गेला. घर विकून निधी भरून दिला, स्वाती मुलीला घेऊन भाड्याच्या युनिटमध्ये राहायला गेली. कंपनीने ‘आम्ही आमच्या जबाबदाऱ्या गांभीर्याने घेतो’ असं कळवलं. जॉश आता घरं विकतो.

सुटून आल्यावर मिलिंदला ब्रोकरचं काम पुन्हा मिळणं शक्यच नव्हतं. गोदामात नोकरी लागली. स्वातीने त्याला युनिटमध्ये घेतलं. माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. तीच ती भीड. त्या वर्षीच्या वार्षिक सभेला तो आला आणि शेवटच्या रांगेत दाराशेजारच्या खुर्चीवर बसला. कुणी बोललं नाही, कुणी हाकललंही नाही. नवा खजिनदार सौरभ, आयटीतला सज्जन मुलगा, त्याने पान वाचलं, वड्यांचा वास आला, कोणीतरी “मंजूर” म्हणायला तोंड उघडलं आणि मागून मिलिंद उभा राहिला.

“बँकेचं स्टेटमेंट दाखवता का?”

हॉलमध्ये असा कल्लोळ झाला की विचारू नका. “तू विचारतोस? तू?” अध्यक्ष म्हणाले.

“मीच विचारणार. तुम्हाला कुणाला विचारवत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?” मग सौरभकडे वळून म्हणाला, “तुझ्यावर संशय नाही रे. मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला विचारतो.”

सौरभ पासवर्ड विसरला होता. बँकेच्या हेल्पलाइनचं संगीत सभेने स्पीकरवर बराच वेळ ऐकलं. शेवटी स्टेटमेंट पडद्यावर आलं, आकडे जुळले, आणि वडे दगड झाले. त्यानंतर दरवर्षी हेच. लोक त्याला शिव्या घालत. त्या वास्तुनिधीसाठी किती आणि वड्यांसाठी किती, सांगणं कठीण होतं. आम्ही दोघं कार पार्कमध्ये उभे राहून खायचो. “गार वडा मिळाला ना?” तो म्हणायचा. “मग समज, हिशोब बरोबर आहेत.”

गेल्या महिन्यात यंदाची सभा झाली. सुरुवातीला मिलिंदसाठी एक मिनिट शांतता पाळली. अध्यक्ष त्याला परखड प्रश्नकर्ता म्हणाले आणि त्याचा वारसा आपण पुढे नेऊ असंही म्हणाले. टाळ्या वाजल्या. मग सौरभने पान वाचलं. स्टेटमेंट त्याने आधीच लॅपटॉपवर उघडून ठेवलं होतं, प्रोजेक्टरची वायर हातात होती. “काही प्रश्न?” असं म्हणून त्याने सवयीने दाराशेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. सगळ्यांनीच मागे वळून पाहिलं, मीसुद्धा. कोणीतरी विचारेल असं प्रत्येकाला वाटलं असावं...

“मंजूर,” कोणीतरी म्हणालं. सौरभने वायर गुंडाळून ठेवली.

वडे गरम होते.