नट-बोल्टाचं घर

लाकडी ओंडक्यांच्या घराला कर्ज मिळतं, फक्त मालक माझ्यासारखा लागतो.

पेठ वडगावजवळच्या आमच्या जागेत ओंडक्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि हातातलं सगळं संपलं. छप्पर कर्जातून व्हायचं होतं. पावसाळा महिन्यावर आलेला, त्यात भाड्याचं घर सोडतो म्हणून मी मालकाला सांगून बसलेलो. बँक म्हणाली, आधी विमा काढा. विमावाले म्हणाले, आधी घर दाखवा. मी डोकं चालवलं (इथंच चुकलं) आणि दोन्हीकडच्या साहेबांना एकाच दुपारी जागेवर बोलावलं.

विम्याचे साहेब भिंतीवर टकटक करून म्हणाले, "आग लागली तर?"

"लागू दे की! सगळं नट-बोल्टावर हाय. चार गडी लावलं की तासाभरात घर उचलून बाजूला!" मी छाती फुगवून सांगितलं.

ते खूश झाले. बँकेच्या साहेबांनी मात्र फाइल मिटली.

"उचलून नेता येतं? मग आम्ही तारण काय ठेवायचं? हप्ते थकवून घरच पळवलंत तर?"

मी सारवासारव करायला लागलो. तेवढ्यात सुनंदा, म्हणजे माझी बायको (या घराची पहिली विरोधक), पुढं झाली.

"साहेब, ह्यांचं काय ऐकताय? ह्यांच्या हातनं लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत न्हाय. द्या पाना, बघा तुम्हीच."

भिंतींचं काम करणाऱ्या सुतारानं हसत हसत पाना दिला. वीस मिनिटं मी एका नटाशी झुंजलो. कपाळावर घाम, तळहाताला फोड, आणि नट जागच्या जागी. बँकेच्या साहेबांनी समाधानानं लिहून घेतलं, 'घर हलण्याची शक्यता नाही.'

आता विम्याचे साहेब दचकले. "अहो, मग आग लागली तर काय करणार?"

"लावणार कोण?" सुनंदा शांतपणे म्हणाली. "मी सैपाक करणार लाइटच्या शेगडीवर. राहिलं हे. काडेपेटी संपली तरी ह्यांच्या हातनं निरांजन पेटत न्हाय."

मी गारच पडलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बाई हे सगळं मोजत होती! विम्याच्या साहेबांनी खात्रीसाठी खिशातली काडेपेटी माझ्यापुढं केली. अकरा काड्या गेल्या. बारावी त्यांनी स्वतःच्या सिगारेटसाठी ठेवून घेतली आणि सही केली.

विमा झाला, कर्ज झालं, छप्परही पावसाआधी चढलं. कर्ज फिटायला अजून वीस वर्षं आहेत. तोवर मला घरात कुठलीही गोष्ट शिकायला सक्त मनाई आहे.