नवं कातडं, जुनं नाव

माझा थोरला भाऊ नव्याचं जुनं करतो. लोक जुन्याचं नवं करून पोट भरतात, आमच्या दादाचं उलटं. पूर्वीचे वैमानिक घालायचे तशी चामड्याची जाकिटं आता पुन्हा निघाली आहेत. त्यांच्या छातीवर डावीकडे नावाची कातडी पट्टी असते. जाकीट नवं, पट्टीही नवी, पण घेणाऱ्याला ती आजोबांच्या पेटीतून निघाल्यासारखी हवी. ते काम दादाचं. पट्टी जाकिटावर शिवायचं काम माझं. दुकानदार माल नवा म्हणूनच विकतो, आतल्या चिठ्ठीवर तसं छापतो, तेव्हा आपण कुणाला फसवत नाही, असं दादा म्हणतो. म्हणू दे. सख्खी बहीण झाले म्हणून मला त्याचं सगळंच खरं मानायची सक्ती नाही.

बाजारात त्याला ‘जख्खमास्तर’ म्हणतात. पट्टीवर नावाचा ठसा मारला की तो तिचे कोपरे बारीक पॉलिश पेपरने घासतो, पट्टी ओली करून मुठीत चुरगाळतो, इस्त्रीखाली वाळवतो. पडलेल्या सुरकुत्यांत काजळी आणि तेल भरतो, फाटक्या मोज्याने पुसतो आणि शेवटी स्वतःच्या मानेवरून दोन-चारदा फिरवतो. माणसाच्या घामाशिवाय म्हातारपण येत नाही, असं त्याचं म्हणणं. दुपारी जन्मलेली पट्टी संध्याकाळपर्यंत पेन्शनीला आलेली असते.

अशा माणसाबरोबर एका खोलीत काम केलं की मन नासतं. कुणी म्हणालं, हे घड्याळ आमच्या वडिलांचं, तर माझी नजर आधी पट्ट्याच्या भोकांकडे जाते. कुणी म्हणालं, आमची जुनी मैत्री, की वाटतं, हिलाही कुणी काजळी फासलीय का! वहिनी दवाखान्यात नर्स आहे. ती दिवसभर जखमांवर पट्ट्या बांधते, दादा पट्ट्यांना जखमा करतो. त्यांचं कसं जमलं हे मला आजवर कळलेलं नाही. दादा घुम्या, वहिनी बोलघेवडी. तिने दहा वाक्यं बोलावी आणि याने ‘हं’ म्हणावं, असा संसार.

एका सुट्टीच्या दिवशी वहिनीने त्याचा हिवाळ्यातला कोट धुवायला काढला. आतल्या खिशातून एक पट्टी निघाली. वर बाईचं नाव. ते मी इथे सांगणार नाही, त्या बाईची नातवंडं हिंडती-फिरती आहेत.

वहिनी ती पट्टी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. “अहो, हे काय?”

दादाने मान वर केली नाही. “ऑर्डरचं. राहिलं असेल खिशात.”

आमच्या ऑर्डरीत बाईचं नाव कधी आलेलं मला आठवेना. वहिनीने पट्टी माझ्या मशीनवर ठेवली. “वन्सं, तुम्ही सांगा.”

मी उलटसुलट करून पाहिली. जाकिटावर शिवल्यावर पाठ कुणाला दिसते? म्हणून दादा पट्टीच्या पाठीला कधी हात लावत नाही. पण हिची पाठसुद्धा तेलकट, काळपट आणि कानाच्या पाळीसारखी मऊ झालेली होती. कडेला सुईचं एक भोक नव्हतं. ही कुठल्या जाकिटासाठी नव्हतीच.

“ऑर्डरचं नाही,” मी म्हणाले. भाऊ असला म्हणून काय झालं!

नाव मला माहीत होतं, वहिनीलाही. दादा ज्या छापखान्यात ठसे मारायला शिकला, त्याच्या मालकाची ती मुलगी. ती लग्न करून गेली, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वहिनी या घरात आली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

“म्हणजे तेव्हापासून खिशात बाळगताय,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यानेच मी घाबरले. “माझं ऑपरेशन झालं तेव्हा उशाशी बसला होतात, हाच कोट घालून. मला वाटलं, माणूस माझ्यासाठी जागतोय.”

ती आत गेली आणि कपाटावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला. तिचा भाऊ दोन स्टेशनं पलीकडे राहतो आणि वहिनी बोलून दाखवणाऱ्यांपैकी असली तरी बॅग काढणाऱ्यांपैकी नव्हती.

दादा धडपडत मागे धावला. “अगं, नवी आहे ती! मागच्या थंडीत केलीय मी!”

“तुमच्या नव्या-जुन्याचा मला काय भरवसा?”

ती पट्टी कुणीही त्या बाईच्या लग्नाआधीचीच म्हटली असती. आपलं काम थोडं वाईट असतं तर बरं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असेल.

मग त्याने कातडं कापायची सुरी आणली. खरं जुनं कातडं कापलं की आतूनही तपकिरी निघतं. आमचं म्हातारपण वरवरचं, आत कातडं फिकट राहतं. वहिनीला हे माहीत होतं, इतकी वर्षं तिने घरात कातरणं झाडली होती. दादाने पट्टी फळीवर ठेवली आणि नावाच्या मधोमध सुरी चालवली. कड तिच्यासमोर धरली. पांढुरकी, कोरी.

“बघ!” तो म्हणाला. चेहरा तर असा, जणू कोर्टातून सुटला. “बघ, नवी आहे की नाही?”

वहिनीने ते दोन तुकडे उलटून पाहिले.

“जुनी असती तर बरं झालं असतं हो,” ती म्हणाली. “जुनं काहीबाही खिशात विसरतं माणूस. ही तर तुम्ही आत्ता बसून केलीत. पाठीसकट.”

दादाचं तोंड उतरलं. मला त्याचा असा राग आला की सुरी काढून घ्यावीशी वाटली. तो खाली बसला आणि मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं तेवढं एका दमात बोलला.

“तिने मला कधी काही दिलं नव्हतं. चिठ्ठी नाही, रुमाल नाही. त्या वेळचं माझ्याकडे काहीच नाही. लोकांच्या आठवणी रोज करून देतो, म्हटलं एक आपली करावी.”

हेही त्याने घासून-पुसून आणलेलं असेल का, असा विचार माझ्या मनात आला. पण त्याची कीवही आली.

वहिनीने बॅग भरली, मात्र उचलली नाही. “माझ्या नावाची एक करा,” ती म्हणाली. “जुनी करू नका. खिशात ठेवा. हाताने आपोआप किती जुनी होते, ते मी बघेन.”

बॅग दारामागे उभी राहिली. वहिनी रोज त्यातूनच कपडे काढायची आणि त्यातच ठेवायची. धुण्याच्या दिवशी ती दादाच्या खिशातून पट्टी काढून उजेडात धरायची. ठसा लखलखीत, कोपरे ताठ. दादाचा हात त्या खिशाकडे जातच नव्हता. ती पट्टी परत ठेवायची आणि दवाखान्यात निघून जायची. तिचं बोलणं कमी झालं होतं. घरात आता दोन घुमे झाले आणि मला माझ्या मशीनचाच आवाज सोबतीला उरला.

मग एका धुण्याला पट्टी बदललेली निघाली. कोपरे झिजलेले, नावावर छानशी सुरकुती, अंगठा फिरून होते तशी खालची कड काळसर. दादा दारात उभा होता, चेहरा अगदी साळसूद. वहिनीने पट्टी पाहिली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, “झाली की हो जुनी.” तो हसला आणि माल पोचवायला बाहेर पडला.

मला कुठला दम निघतोय? मी पट्टी हातात घेतली आणि उलटली. पाठ कोरी करकरीत. खिशात फिरलेली पट्टी दोन्हीकडून मळते. ही फळीवर बसून केलेली होती, ऑर्डरच्या सवयीने, फक्त दर्शनी बाजूने. त्या बाईच्या पट्टीची पाठ जुनी करायला त्याला सवड झाली होती, हिच्या वेळी आठवणही झाली नाही.

“वहिनी,” मी म्हणाले, “पाठ बघितलीत?”

“आधी तीच बघितली.”

“मग?”

तिने दारामागची बॅग पलंगावर घेतली आणि कपडे काढून कपाटात लावायला लागली.

“खोटी आहे, कळतंय मला,” ती म्हणाली. “पण वन्सं, एक अख्खी दुपार माझं नाव हातात धरून बसले ना ते. इतक्या वर्षांत तेवढंही नव्हतं.”