गोजरबाईची मांडणी

अंबडच्या बसस्टँडकडून बाजारगल्लीत शिरलं की चौथं दुकान गोपीकिशनशेठचं. शेठचे आजोबा राजस्थानातून इकडे आले, तेव्हापासून ते किराण्याचंच. गोजरबाई तिथं पहिल्यांदा आल्या त्या मिरच्यांची देठं खुडायला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. काम आठ दिवसांचं होतं. त्याला आता तेहेतीस वर्षं झाली.

देठं खुडता खुडता त्या धने पाखडायला लागल्या, मग डाळी निवडायला, मग गिऱ्हाईक बघायला. धने तळहातावर चोळून एकदा नाकाशी नेले की ते यंदाचे आहेत की गेल्या सालचे, हे त्या सांगायच्या. शेठ माल घेताना व्यापाऱ्याचं बोलणं ऐकायचे आणि डोळा मात्र गोजरबाईंच्या नाकावर ठेवायचे. नाक मुरडलं की सौदा नाही.

खेड्यांतून येणाऱ्या बायकांना यादी करून आणायची सवय नव्हती. त्या ओट्यावर टेकायच्या, पाणी प्यायच्या आणि सांगायच्या, "गोजरबाई, लेकीला बाळंतपणाला आणलंय." एवढं पुरे व्हायचं. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, सुंठ, हळीव, बाळंतशोपा, सगळं पुड्यांत बांधून समोर. पहिलटकरीण आहे का, कितवा दिवस आहे, एवढं फक्त गोजरबाई विचारायच्या आणि पुड्यांचा आकार त्याप्रमाणे बदलायच्या.

तीन वर्षांपूर्वी शेठचा मुलगा अमन याचं लग्न झालं. सून आली रुची. बी.कॉम. झालेली, हसरी, आणि दिवसभर घरात बसून राहणं तिला जमणारं नव्हतं. तिनं सासऱ्याच्या मागे लागून दुकानाचा कायापालट केला. पोती गेली, लोखंडी रॅक आले. गिऱ्हाइकानं टोपली घ्यायची, आत फिरायचं, स्वतःच्या हातानं माल उचलायचा. प्रत्येक रॅकवर पाटी लागली: धान्य, डाळी, मसाले, सुकामेवा, तेलबिया, साखर-गूळ, इतर. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक वस्तूला यांतला एक खण द्यावाच लागायचा, नाहीतर कॉम्प्युटर पुढं सरकायचा नाही.

आणि तिथंच घोळ सुरू झाला. शेंगदाणे कशात? शेठ म्हणाले तेलबिया. रुची म्हणाली सुकामेवा. मागं पाकिटं भरत बसलेल्या गोजरबाई म्हणाल्या, "आमच्याकडं शेंगदाण्याच्या कुटाबिगर एक भाजी व्हत न्हाई. मंग भाजीत लावा." मीठ मसाल्यांत गेलं. चिंच कुठं टाकावी ते कळेना म्हणून 'इतर'मध्ये गेली. पापडखार, आमसूल, साबुदाणा, शेवया, राजगिरा, सगळे 'इतर'मध्ये. महिन्याभरात त्या रॅकवर एवढी दाटी झाली की एक पाकीट ओढलं की तीन खाली पडायची.

एक दिवस आष्टीकडचे कारभारी नावाचे शेतकरी आले. नातू झाला होता. माणूस आनंदात, डोक्याला नवी टोपी. टोपली घेऊन ते अर्धा तास सगळ्या रॅकांमधून फिरले. खारीक सुकामेव्यात, सुंठ मसाल्यात, डिंक 'इतर'मध्ये. घाम पुसत, हसतच ते बाहेर निघाले. दारात गोजरबाईंनी सवयीनं त्यांच्या पिशवीत हात घातला आणि एक पाकीट चाचपलं.

"भाऊ, लाडू करायचेत का चटणी?"

"लाडू! हळिवाचे."

"ह्ये जवस हाय."

कारभारींनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "दिसायला तर बराबर तांबूसच दिसून राह्यलंय!"

दोन्ही बियांची पाकिटं तेलबियांच्या रॅकवर शेजारीशेजारी ठेवलेली होती. कारभारी मोठ्यानं हसले, पाकीट बदलून घेतलं आणि गेले. गोजरबाई मात्र हसल्या नाहीत. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असतानाच त्या बोलून बसल्या, "डोळे झाकून मांडणी केली का काय ही?"

रुचीचा चेहरा पडला. दोन महिने ती त्या पाट्यांसाठी खपली होती. "मग तुम्हीच करा मावशी. कॉम्प्युटरही तुम्हीच चालवा."

गोजरबाईंनी चष्मा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांचे यजमान भागवत बाजार समितीत हमाली करायचे. त्यांनी शेठला निरोप दिला, "तिचं डोकं दुखून राह्यलंय." शेठनी ओळखलं, दुखतंय ते डोकं नव्हे.

चौथ्या दिवशी सकाळी रुची स्वतःच त्यांच्या घरी गेली. गोजरबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न बघताच पाट पुढं सरकवला. "बसा भाभी. जेवल्याबिगर बोलू नगा."

ताटात गरम भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि कारळाची चटणी आली. रुचीनं आमटीत भाकरी कुस्करली, एक घास खाल्ला, आणि ज्या भांडणासाठी आली होती ते विसरून गेली. दुसरी भाकरी संपेपर्यंत ती समोरच्या फळीकडे बघत होती. ओळीनं डबे होते. एकावरही नाव नव्हतं.

"मावशी, हे कोणत्या हिशेबानं लावलंय?"

"हिशेब कसला त्याच्यात? रोजचं ते हाताशी. उपासाचं त्या कोपऱ्यात. आमटीचं सगळं एकाजवळ एक. लोणच्याचं वर, वर्सातून एकदाच लागतं." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "हळीव काय हाय म्हणून तुम्ही इचारता. मसाला का बी का आवशीद. मला न्हाई ठावं. मला एवढंच ठावं का त्ये बाळंतिणीचं हाय."

रुची हात धुऊन परत येऊन बसली. "पण खोबरं तर लाडवातही लागतं आणि मसाल्यातही. कॉम्प्युटर एका वस्तूला एकच जागा देतो."

"त्याला एकच सांगा की. त्याला कुठं सैपाक करायचाय? माणसांसाठी चार ठिकाणी ठिवा."

रुची हसायला लागली ती थांबेचना. मग म्हणाली, "त्या दिवशी मी जास्त बोलले."

"मीबी बोलले. चार लोकांत बोलायला नव्हतं पाह्यजे." गोजरबाईंनी पदराला हात पुसले. "थांबा, लुगडं बदलून येते."

त्याच दुपारी दारालगतचे दोन रॅक रिकामे झाले. गोजरबाई सांगत गेल्या आणि रुची पाट्या लिहीत गेली: बाळंतिणीचं. उपासाचं. लोणच्याचं. पुरणपोळीचं. शेवटचा आणि सगळ्यांत मोठा खण काळ्या मसाल्याच्या सामानाचा होता. दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, शहाजिरे, खसखस, खडा हिंग, लाल मिरच्या, शेजारी खोबऱ्याच्या वाट्या. ही पाटी गोजरबाईंनी हट्टानं स्वतः लिहिली. चौथीपर्यंतचं शिक्षण, तरी अक्षर ठसठशीत.

संध्याकाळी शेठ देवदर्शन करून आले आणि पाटीसमोर थबकले. तिच्यावर लिहिलं होतं: 'मटणाच्या रश्शाचं'.

"गोजरबाई! ये क्या लिख दिया?"

"मंग कशाला नेतेत लोक ह्यो मसाला, शेठ? देवाला वाहायला?"

शेठच्या घरात कांदासुद्धा एकादशीला बंद. तेवढ्यात त्यांच्या पत्नी तारादेवी चहा घेऊन आल्या. त्यांनी पाटी वाचली, कपबशी गल्ल्यावर ठेवली आणि मटकन स्टुलावर बसल्या. अमन मागच्या खोलीत जाऊन तोंड दाबून हसत राहिला. शेठ पाटी काढायला निघाले, तर गोजरबाई आडव्या आल्या. "मंग ती सोयाबीनच्या वड्यांची पाकिटं कुठं ठिवू? ती बी ह्याच रश्शात घालतेत." अर्धा तास वाद झाला. शेवटी तारादेवींनीच तोडगा काढला. त्यांनी खडू घेतला, 'मटणाच्या' शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं: 'झणझणीत'. शेठनी सुटकेचा श्वास सोडला. गोजरबाई पाटीकडे बघून म्हणाल्या, "चालतंय. ज्याला कळायचं त्याला कळंल."

कळलं. उन्हाळ्यात मसाले कुटायचे दिवस आले आणि बायका त्या खणापुढं रांगेनं उभ्या राहिल्या. अंकुशनगरहून बेबीनंदा नावाची एक तरुण सून आली. सासू वारल्यावर पहिल्यांदाच मसाला करत होती आणि प्रमाण विचारायला घरात कुणी नव्हतं. गोजरबाईंनी तिला शेजारी बसवलं. पावकिलो मिरचीला काय किती, काय तळायचं, काय नुसतं गरम करायचं, हिंग कधी घालायचा, सगळं सांगितलं. रुची तिथंच होती. तिनं ते भराभर कागदावर उतरवलं आणि नंतर खणाला चिकटवलं. पंधरा दिवसांनी बेबीनंदा डबीभर मसाला घेऊन आली. गोजरबाईंनी चिमूट तळहातावर चोळली, हुंगली. बेबीनंदा श्वास रोखून उभी होती.

"धने जरा कमी भाजलेस," गोजरबाई म्हणाल्या. "पण सासूची आठवण यावी असा झालाय."

आता गोजरबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांची खुर्ची दाराशी असते. परवा शहरातून एक विक्रेता ओट्सची पाकिटं घेऊन आला. कॉम्प्युटरनं ती धान्यांत घातली. गोजरबाईंनी एक पाकीट घरी नेलं, तुपात जिऱ्याची फोडणी देऊन शिजवलं, भागवतरावांना खाऊ घातलं. सकाळी ओट्स कसे लागले म्हणून रुचीनं गोजरबाईंना विचारलं.

"बिमार माणसाला बरं हाय. न्हाई तर काय चव न्हाई त्याला. मुगाच्या डाळीजवळ ठिवा, अन् पाटी लिहा: ताप उतरल्यावर."

रुचीनं खडू उचलला.