खिडकीबाहेरून दिलेली कमांड

“भाऊ, आत न्हाई यायचं.”

सुनीताताईंनी दार अर्धंच उघडलं. त्यांच्याच फोनवर मी जालन्याहून धावड्याला आलो होतो. कंट्रोल पॅनेल बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा.

“ताई, मशीन तर आतच आहे ना?”

“हाये. पण तुमच्या हाताला तंबाखूचा वास येऊन राह्यला. अळ्या मरत्यात त्यानं.”

मी साबणाने दोनदा हात धुतले. त्यांनी वास घेतला आणि मान हलवली. झालं, इंजिनिअर बाहेर!

ताईंचं चॉकी सेंटर आहे. अंड्यातून निघालेल्या रेशमाच्या अळ्या सुरुवातीचे काही दिवस तिथे वाढवायच्या आणि मग शेतकऱ्यांना द्यायच्या. त्या दिवशी अळ्या मोल्टला बसल्या होत्या, म्हणजे खाणं सोडून कात टाकत होत्या. तेव्हा खोलीतली ऊब आणि ओल बराबर लागते. ते काम मी बसवलेला पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर करायचा. तो सकाळीच बंद पडला होता, आणि ताई हीटर-पंख्याचे स्विच हाताने चालू-बंद करत होत्या. सेंटरची ही तिसरीच बॅच. उद्या शेतकरी क्रेट घेऊन येणार. ही बॅच गेली असती तर पुन्हा त्यांच्या दारात कोणी आलं नसतं.

मी खिडकीच्या जाळीला नाक लावून उभा राहिलो. ताई आत कीबोर्डसमोर बसल्या. या कॉम्प्युटरला चित्रं नाहीत, माउस नाही. फक्त काळा पडदा, त्याला टर्मिनल म्हणतात. हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, उत्तर वाचायचं. ताईंनी हे कधी केलेलं नव्हतं. बाहेरून मला अक्षरं दिसत नव्हती.

“df, स्पेस, आडवी रेघ, h. एंटर. किती जागा भरली ते कळेल.”

“शंभर टक्के दाखवून राह्यलं.”

कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड भरलं होतं, म्हणून तो अडला होता. दर सेकंदाला तापमान लिहून ठेवा, असं मीच प्रोग्रामला सांगितलं होतं. जुन्या नोंदी पुसायला सांगायचं मात्र विसरलो होतो. चूक माझी. ती मी लगेच कबूल केली नाही.

“आता cd, स्पेस, log. म्हणजे नोंदींच्या फोल्डरमध्ये जा.”

“इंग्रजीत एक ओळ आली.”

“येऊ द्या. आता rm, स्पेस, स्टार. एंटर.”

की वाजल्या, पण एंटरचा आवाज आला नाही.

“भाऊ, rm म्हंजे काय?”

“पुसणं. स्टार म्हणजे आतलं सगळं. दाबा जल्दी.”

“थांबा की. आम्ही ट्रे झाडायच्या आधी पाला उलटून बघतो, अळी राह्यली का. मंग फेकतो. हितं काय पुसून राह्यलो, ते दिसन का न्हाई?”

मी चिडलोच. तरी म्हणालो, “ते खोडा आणि ls टाका. यादी येईल.”

त्यांनी एकेक नाव अक्षर-अक्षर लावून वाचलं. हीटरचा प्रोग्राम. पंख्याचा प्रोग्राम. सेन्सरचा. आणि शेवटी logs.

फोल्डरचं नाव logs होतं, मी log सांगितलं होतं. ती इंग्रजी ओळ तेच सांगत होती. आम्ही जागचे हललोच नव्हतो, प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये होतो. एंटर दाबलं असतं तर सगळे प्रोग्राम गेले असते. टर्मिनलमध्ये पुसलेलं परत येत नाही, आणि माझ्याकडे कॉपी नव्हती.

“ताई, चूक माझी झाली,” मी म्हणालो. “सगळीच.”

त्या हसल्या. मग योग्य फोल्डरमध्ये गेल्या, मी न सांगता ls टाकलं, यादी वाचली आणि नोंदी पुसल्या. मशीन पुन्हा चालू केल्यावर पंखा आपोआप फिरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. “जयभीम भाऊ. समद्या अळ्या एकसारख्या उठल्या. शेतकरी घेऊन गेले.”

इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण इतक्या शांत डोक्याचा ऑपरेटर मी पाहिला नाही. तेव्हापासून rm च्या आधी ls टाकतो, आणि प्रत्येक साइटची कॉपी ठेवतो. तंबाखू काही सुटली नाही. घरचे बोलले की सांगतो, त्या दिवशी माझे हात स्वच्छ असते तर मी आत बसलो असतो, आणि एंटर मीच दाबलं असतं.